जिथं असाल तिथून या

१६ एप्रिल

परवाची जयंतीची मिरवणूक ही माझ्या भोंग्यांची शेवटची. जत्रा, लग्नं, मिरवणुका गाजवून झाल्या. साऊंडचा धंदा पुतण्याच्या हवाली केला आणि आजपासून उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या ‘मौजनगरी’त पुकारणारा म्हणून रुजू झालो. पेट्या उचलून कंबर गेली, पण गळा आणि कान शाबूत आहेत.

केबिन झकास आहे. गेटच्या माथ्यावर, तिन्ही बाजूंनी काच. खाली आकाशपाळणा, पलीकडं पाण्याच्या घसरगुंड्या, पार मागं कोरडं पडलेलं बोटींचं तळं. मालक बसवराज म्हणाले, मराठी-कानडी-दखनी तिन्ही येतंय म्हणून तुम्हाला घेतलंय गुलाबराव, गाणी कमी लावा आणि हरवलेली माणसं लवकर सापडवा. तिकिटाच्या खिडकीवरच्या सिताबाईंनी लगेच टोला हाणला, की ह्यांचा आवाज ऐकून पोरं हरवायच्या आधीच घरी पळतील. म्या म्हटलं, बाई, तुमच्या खिडकीपाशी आलेली निम्मी तशीच पळतात. जमणार आमचं.

रविवारी, सत्तावीसला, माझी लेक वृषाली नातीला घेऊन येणार आहे. श्रावस्ती सहा वर्षांची. आजोबा वर बसून बोलतो आणि अख्खं पार्क ऐकतं, हे तिला दाखवायचंय.

१९ एप्रिल

उन्हाळी सुट्टी, त्यामुळं गर्दी लई. दुपारी वरपर्यंत ओल्या नायलॉनचा, क्लोरीनचा आणि भज्यांचा वास येतो. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही म्हणून बायका आधी तणतणतात, मग भाड्याचे कपडे घालून एकमेकींकडं बघून हसत सुटतात. आज एका सासूबाईंना घसरगुंडीवरून ओढून काढावं लागलं. उतरायलाच तयार नव्हत्या.

मला बघावं लागत नाही, ऐकूनच कळतं. पाळण्याचं कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, पोर मजेनं ओरडतंय का भिऊन, सगळं.

हरवतात ती पोरं कमी, म्हाताऱ्या जास्त. त्यांना पुकारायचं तर नावावर भागत नाही, गलक्यात त्यांना स्वतःचं नाव ऐकू येत नाही. कपडे सांगायचे, हातात काय आहे ते सांगायचं, आणि कोण वाट बघतंय ते. लोक चांगले असतात. कुणीतरी हात धरून आणून सोडतंच. माणूस सापडलं की तेही माईकवर सांगायचं, ही आमच्या उस्तादांची शिकवण. पुकारलं की मिटवायचं. नाहीतर लोक शोधत राहतात.

२२ एप्रिल

आज पार्क बंद. तळ्याकडं नवे भोंगे बसवले. चाचणीला नुसतं हॅलो-हॅलो करणं मला जमत नाही, म्हणून मनानंच एक म्हातारी रचली. इरम्मा. हिरवं इरकली लुगडं, हातात पितळी डबा. जिथं असाल तिथून या, तुमचा मुलगा गुलाब गेटपाशी वाट बघतोय. मुलाचं नाव चटकन सुचलं नाही, आपलंच घातलं. आवाज तळ्यापर्यंत खणखणीत गेला.

सिताबाई खालून ओरडल्या, गेटला कुलूप, आत चिटपाखरू न्हाय, कुणाला बोलावताव वो?

म्हटलं, आईला.

माझी आई मी रांगत असताना गेली. फोटोसुद्धा नाही.

२४ एप्रिल

जेवून आलो तर सिताबाई म्हणाल्या, एक म्हातारी तुम्हाला विचारून गेली. हिरवं लुगडं, पितळी डबा. मी हसलो. परवाची चाचणी ऐकली होती तेवढी ह्याच बाईंनी. म्हटलं, डबा ठेवून घ्यायचा की, पोळ्या तरी मिळाल्या असत्या. त्या हसल्या नाहीत. तिकीट फाडलं न्हाय म्या तिचं, म्हणाल्या, आतूनच आली ती.

बाई नाटकात शोभल्या असत्या.

२५ एप्रिल

संध्याकाळी बसवराज स्वतः जिना चढून आले. जरा रागातच. अव्वाला असं उन्हात उभं करतात का गुलाबराव, म्हणाले. सावलीत खुर्ची दिली तर बसेना, लेक गेटपाशी उभं राहायला सांगून गेलाय म्हणते.

ते चाचणीच्या दिवशी इथं नव्हते. हैदराबादला होते.

लगेच खाली उतरलो. गेटपाशी कुणी नव्हतं.

आमच्या घरात भुताखेताला थारा नाही, तो दरवाजा माझ्या बापानंच बंद केला. कुणी तरी खोडी काढतंय. काढू दे. पण आज एक गोष्ट ऐकली ती लिहून ठेवतो. पाळणा, पाणी, पोरांचा गलका, या सगळ्याच्या खालून पितळी झाकणावर नखानं वाजवल्यासारखं. टक, टक. मी माईक उघडला की थांबतं. मिटला की परत.

२६ एप्रिल

लोक तिला आणून सोडतायत. मी जेवायला गेलो, लघवीला गेलो, की तेवढ्यात. परत आलो की ती नाही, आणि लोक माझ्याकडं बघतायत. बसवकल्याणच्या एका माणसानं सगळ्यांदेखत सुनावलं, आईचं तोंड बघायलाबी खाली उतरंना, कसला लेक तू. बायका मान हलवत होत्या.

दुपारी मिटवायचं ठरवलं. माईकवर सांगितलं, इरम्मा सापडल्या आहेत, मुलाच्या हवाली केल्या आहेत, आता कुणी शोधू नये.

टकटक थांबली. पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

थोड्या वेळानं दोन पोरी वर आल्या. रडवेल्या. म्हणाल्या, काका, खोटं का बोलला? त्या आजी तळ्यात बसल्यात. माझा मुलगा मला घ्यायला आलाच नाही म्हणतायत.

वृषालीला फोन केला, उद्या येऊ नका. कारण विचारलं तिनं. काय सांगू?

२७ एप्रिल, सकाळ

आल्याच. श्रावस्तीनं रात्रभर झोपू दिलं नाही म्हणे. पोरीचा हात सोडू नको, वृषालीला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, आबा, तुम्ही आजकाल असं काय करताव?

दुपार

श्रावस्ती सापडत नाही. कपडे बदलायच्या खोलीत वृषालीनं पाठ वळवली तेवढ्यात. पुकारलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या.

कुणी शोधत नाही. कुणीच. खालून हात करून सांगतायत, घाबरू नका, तुमच्या आईबरोबर चाललीय. आजीनं बोट धरलंय, डाव्या हातात डबा आहे. सिताबाईंनीही बघितलं. अडवलं नाही. घरचंच माणूस, म्हणाल्या, कसं अडवायचं—

तळ्याकडं गेलो. बोटी. धूळ. मागनं टक, टक. वळलं की पुढं.

परत वर आलो. माईकच आहे माझ्याकडं, दुसरं काय—

बोललो. आई म्हणालो. पहिल्यांदाच, अख्ख्या पार्कात. पोरीला गेटपाशी सोड, मी येतो. माझा शब्द.

त्यानंतर

आली. गेटपाशी उभी होती, एकटी. डोकं तेलानं चपचपीत, वेण्या नव्यानं घातलेल्या. घट्ट. रडत नव्हती. म्हणाली, आजीचा डबा मोकळाच आहे. लेक आल्याशिवाय कसं जेवायचं म्हणते.

दोघींना गाडीत बसवलं. वृषालीला काही सांगितलं नाही. मागच्या काचेतून श्रावस्ती हात हलवत होती. माझ्याकडं नाही. माझ्या शेजारी—

पाच वाजले असतील. ऊन आहे अजून. लोक निघालेत. गेलो नाही तर ती परत नातीकडं जाईल. शब्द दिलाय.

मशीन बंद केलं. वायर उपसून हातात घेतली.

तरी तळ्याकडचे भोंगे बोलतायत. बाईचा आवाज. कानडी हेल. गुलाब. पांढरा सदरा, जाड चष्मा, हातात वही. जिथं असशील तिथून ये, आई वाट बघतीय.

खाली माणसं थांबलीत. वर बघतायत. हसतायत, मायेनं. दोघंतिघं जिन्याकडं निघाले. मला न्यायला. लोक चांगले—

सुमन, ही वही तुला मिळंल. रडू नको. तुझ्या नवऱ्यानं शब्द पाळला असं पोरीला सांग. एकच कर. मी घरी आलो नाही तर शोधायला ये, पोलिसात जा, काय वाटंल ते कर, पण पुतण्याला भोंगे लावू देऊ नको. माझं नाव कुणीही माईकवर पुकारू नका. पुकारलं तर मी येईन, आणि तेव्हा मी एकटा