पाच वेळा रेषेबाहेर

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालतो. तुझ्या बायकोची मान दुखत होती असं तुझ्या वहिनीकडून कळलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. पत्राला तसं विशेष कारण नाही. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मग एकदमच ठेवून देतो.

माझी तब्येत उत्तम. डावी मांडी जराशी आखडली आहे, म्हणून पाय स्टुलावर ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर स्टुलाचा दोष. चष्म्याचं दुकान सध्या तुझी वहिनी सांभाळते. मी नसल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय म्हणते. यात टोमणा आहे की बातमी, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा संध्याकाळी माझ्या कराटेच्या वर्गावर काय झालं ते तुझ्या शिष्याने तुला सांगितलंच असेल. त्याने काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून खरा वृत्तांत माझ्याकडून जावा असं वाटलं. एवढंच.

तुझी पुतणी, आपली भिंगरी, लग्न करायचं म्हणते आणि तेही तुझ्या त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पठ्ठ्याशी. मी त्याला मनातल्या मनात कपाट म्हणतो. दारातून आत येताना तो खरोखर आडवा होतो. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जगात इतके कराटेचे वर्ग असताना नेमका तुझ्याच वर्गातला मिळावा? भिंगरीला माझी परवानगी नकोच होती, ती नुसती तारीख सांगायला आली होती. परवानगी हवी होती ती कपाटाला. तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही, असं माझ्यासमोर बसून तो म्हणाला आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच पाणी आणायला आत गेलो. मोठ्यांचा मान ठेवायचं हे खूळ त्याच्या डोक्यात कोणी भरलं, ते मी विचारत नाही.

मग मी म्हटलं, ठीक आहे. माझ्याशी दोन मिनिटांचा सामना खेळ, माझ्या नियमांनी. जिंकलास तर माझा होकार.

तू आत्ता हसत असशील. हस. पण नियम ही हसण्याची गोष्ट नाही हे मी तुला आपला वर्ग एकच होता तेव्हाही सांगत होतो. आमच्याकडे चेहऱ्यावरचा ठोसा नुसता स्पर्श करून मागे यायला हवा. जोरात लागला तर मारणाऱ्यालाच इशारा मिळतो. तुमच्याकडे हाताने चेहऱ्याला मारायचंच नाही, पण छाती आणि मांड्या मात्र गोधडी धोपटावी तशा धोपटायच्या, आणि शेवटी जो उभा राहील तो जिंकला. तू आमच्या खेळाला शिवणापाणी म्हणालास, मी तुमच्या खेळाला हमाली म्हटलं, आणि तू वर्गातल्या निम्म्या गाद्या उचलून निघून गेलास. ते असो. त्या निम्म्या गाद्यांमुळे आमचं मैदान तेव्हापासून आखूड आहे, हे फक्त नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मुख्य पंच कोण, यावर वाद झाला. भिंगरी म्हणाली, मीच होणार, कारण तुमच्या दोघांवर सारखीच चिडलेली दुसरी व्यक्ती या गावात मिळणार नाही. तिच्याकडे पंचाचं प्रमाणपत्र आहे, शिकवलंय मीच, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. चार कोपऱ्यांवर निशाणं घेऊन वर्गातली दोन जुनी मंडळी, आमचे दातांचे डॉक्टर आणि तुझी वहिनी. डॉक्टर माणूस चांगला, पण कोणाच्या तोंडाला ठोसा लागला की निशाण उचलायचं सोडून आधी वाकून दात बघतो. वहिनी इतकी वर्षं आमचे पांढरे पोशाख धुतेय, त्यामुळे कुठला डाग कुठल्या चुकीने पडतो हे तिला पाठ आहे.

सुरुवात माझी उत्तम झाली, हे तुझ्या शिष्यानेही कबूल केलं असेल. त्याचे हात छातीशी, चेहरा उघडा टाकलेला. मी दोनदा त्याच्या हनुवटीला स्पर्श केला, दोन गुण घेतले. त्याने उलट एकदाही माझ्या चेहऱ्याकडे हात नेला नाही. आमच्या नियमात चालतं हे भिंगरीने त्याला समजावलं होतं, तरी नाही. तिसऱ्यांदा मी नाकाच्या शेंड्याला असा अलगद स्पर्श केला की लोण्यालाही धक्का लागू नये. स्पर्श करून मी थांबलो आणि निशाणांकडे पाहिलं. तुझ्या वहिनीने दोन्ही निशाणं डोळ्यांवर धरली होती. म्हणजे, दिसलं नाही. ती हातभर अंतरावर उभी होती. मी तिच्याकडे वळून म्हटलं, अगं, तुला नंबर लागलाय का?

आमच्या वर्गात गुण घेतला की माणूस थांबतो. समोरचाही थांबतो. पंचाने थांबा म्हणायच्या आधीच सगळे थांबतात, अशी आमच्या हाडामासाला सवय झालेली. तुमच्यात ती नाही. तुमच्यात नाकाला हात लागला म्हणजे काहीच झालेलं नसतं. तेव्हा मी बायकोशी बोलत असताना कपाटाने, त्याच्या दृष्टीने सामना चालूच असल्यामुळे, माझ्या मांडीवर लाथ घातली.

लाथ चांगली होती. तुझीच होती, कंबर वळवून घातलेली. मी पडलो.

इथे नियम नीट लक्षात घे. मांडीवर लाथ आमच्याकडे चालत नाही. पडलेल्या माणसाला दहा आकडे मिळतात. तेवढ्यात तो उठला तर मारणाऱ्याला इशारा आणि सामना पुढे चालू. नाही उठला तर मारणारा बाद आणि पडलेला विजयी. म्हणजे मला जिंकायला काहीच करायचं नव्हतं. डॉक्टर कोपऱ्यातून कुजबुजले, सर, पडूनच राहा, झालं तुमचं काम. लागलेलं खोटं नव्हतं, पाय खरोखर लाकूड झाला होता. नाटकाचा आरोपही कोणी केला नसता.

भिंगरीने मोजायला सुरुवात केली. कपाट शिस्तीत मैदानाच्या कडेला पाठ करून गुडघ्यांवर बसला होता. त्याची पाठ हलत होती. तशात पाठमोराच म्हणाला, "काका, फार लागलं का हो?" तिने मोजणं न थांबवता बोट दाखवून त्याला गप्प केलं, कारण मध्ये बोलणं हाही गुन्हा.

छोट्या, मी खालून तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही पोरगी हळू मोजेल. पाचाच्या पुढे आवंढा गिळेल, सहावर रेंगाळेल, कोणीही रेंगाळलं असतं. तिने एकही आकडा लांबवला नाही. सहा, सात, आठ, घड्याळासारखे. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि आवाज जसाच्या तसा होता. ती दहा म्हणाली असती. दहा म्हणून माझ्याच नियमाने तिने त्या मुलाला बाद केलं असतं आणि घरी येऊन मला एक शब्दही बोलली नसती. इतका खरेपणा मी तिला शिकवला आणि मी मात्र जमिनीवर पडून त्याचा फायदा घेत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नऊला मी उठलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका पायावर तोल राहत नाही. रेषेबाहेर पाऊल पडलं की आमच्याकडे इशारा मिळतो, आणि पाचव्या वेळी माणूस बाद होतो. मैदान आखूड आहे ते का, हे वर लिहिलंच आहे. तर मी लंगडत एकदा बाहेर गेलो. मग पुन्हा गेलो. लोकांना वाटलं पायामुळे, आणि पहिल्या वेळी खरंच पायामुळे होतं.

तिसऱ्या वेळी कपाट मैदानाच्या मधोमध हात खाली सोडून उभा होता आणि मी एकटाच उड्या मारत बाहेर चाललो होतो. तुझ्या वहिनीने या वेळी डोळे झाकले नाहीत. रेषेकडे निशाण दाखवत राहिली, प्रत्येक वेळी अगदी चोख, आणि रडत होती. चौथ्या वेळी भिंगरी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, रेषा तुम्हीच आखलीये." मी म्हटलं, "पंचांनी खेळाडूशी गप्पा मारू नयेत." आणि पाचव्यांदा गेलो.

तिने त्याला विजयी घोषित केलं. गुणांनी मी पुढे होतो, ही गोष्ट तू कोणालाही विचारून खात्री करून घे.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. तोल गेला एवढंच लिहिणार होतो. घरात अजून तेवढंच चालू आहे, सगळेजण माझ्या तोलाची चौकशी करतात.

पण त्यानंतरची एक गोष्ट राहिली. वर्ग टायरच्या दुकानावर आहे, जिना तुला माहीत आहे. कपाटाने मला पाठुंगळी घेतलं आणि एकेक पायरी जपून उतरू लागला. मी विचारलं, तू एकदाही चेहऱ्याकडे हात का नेला नाहीस? चालत होतं की. त्याने मला पाठीवर जरा वर सरकवलं. मग म्हणाला, "सरांनी बजावलं होतं. हरलास तरी चालेल, पण माझ्या दादाच्या चेहऱ्याकडे हात न्यायचा नाही."

मी त्याच्या पाठीवर होतो म्हणून बरं, माझा चेहरा त्याला दिसला नाही.

म्हणजे त्या पोराचं लग्न मोडलं असतं तरी तुला चाललं असतं. तू मूर्ख आहेस. लहानपणापासून आहेस. मांडीबद्दलही काही बजावायला तुझं काय गेलं असतं?

लग्न येत्या शुक्रवारी सकाळी नोंदणी कचेरीत आहे. समारंभ काही नाही. मुलीकडून साक्षीदार म्हणून तुझं नाव मी तुला न विचारता दिलंय. तू आला नाहीस तर काही अडणार नाही, दातांचे डॉक्टर तयार आहेत. पण ते नकोत. मला तू शेजारी उभा हवा आहेस. मला अजून एका पायावर धड उभं राहता येत नाही आणि आधार घ्यायचा तर मला तुझाच घ्यायचाय. तुझी चूक होती की माझी, यावर निशाणं उचलायला आता कोणाला बोलवायचं नाही.

येणार की नाही ते कळवू नकोस, नुसता ये.

तुझा, तुझ्याशी हरायला तयार असलेला,

दादा