ओसाकातल्या परतभेटी

ती. मित्सुएताईस,

धाकट्या तोवाकोचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात तुझे? भावोजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर जाळ्यांच्या ढिगाखाली हात घालून बघ, सिगारेटी तिथेच असतात.) सोबत पाठवलेला डबा मिळाला असेलच. मी ठणठणीत आहे आणि चांगली सुखात आहे, पण हे आमच्या मदरच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

मिशनच्या कामातून चार दिवस सुट्टी मिळाली. बाकीच्या सिस्टर डोंगरात विश्रांतीला गेल्या आणि मी तुझ्या हुकुमावरून ओसाकाला. एइसाकूला गाठायचं, तुझे सुकवलेले उडते मासे त्याच्या हाती द्यायचे आणि बापाची बोट टाकून पळालेल्या तुझ्या त्या दिवट्याला कान धरून बेटावर आणायचं. तो घरी येईपर्यंत तू बेटाबाहेर पाऊल टाकणार नाहीस, ही तुझी शपथ मला पाठ झाली आहे. बरोबर सिस्टर इतोयो होती (आम्हाला एकटीने फिरायची मुभा नाही, आणि तिला प्राणिसंग्रहालयातले वाघ बघायचे होते). वाघ तिला दिसले, पण ते ट्राममधल्या बायकांच्या ब्लाउजवर.

घोटाळा ट्राममध्येच सुरू झाला. ओसाकाच्या बायका पिशवीत लिमलेटच्या गोळ्या बाळगतात आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवतात. शेजारच्या बाईंनी आमच्या हातावर ठेवल्या. आता घेतलं की परत द्यायचं, हे तर आपल्या हाडात मुरलेलं. (शेजारणीने एक वांगं दिलं तर त्याची परतफेड होईपर्यंत तुला घास गोड लागत नाही.) जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तुझ्या पुडक्यातला एक मासा काढून दिला. ती बाई कसली ऐकते? तिने संत्री दिली. संत्र्यांच्या बदल्यात एक मासा अपुरा वाटला, म्हणून मी आणखी दिले. मग पलीकडच्या बाईला राहवेना. "अहो सिस्टर, थंडीत मान उघडी टाकून कुठे निघालात?" म्हणत तिने स्वतःच्या गळ्यातला वाघाच्या पट्ट्यांचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. आता जितीजागती ऊब घेऊन नुसते आभार मानून कसं उतरायचं? उतरलो तेव्हा आमच्याकडे संत्री, एक मुळा, मोज्यांची जोडी आणि तो मफलर होता, आणि पुडक्यात अगदी तळाचे मासे उरले होते. सिस्टर इतोयो म्हणाली, "एवढी माणसं आपल्याशी आपणहून बोलली, असं मिशनमध्ये कधी झालं होतं का?" खरंच नव्हतं झालं.

एइसाकू ज्या नूडल्सच्या दुकानात राबतो ते बाजाराच्या गल्लीत आहे. दारात मालकीणबाई झाडत होत्या. तोकुए त्यांचं नाव, जिभेवर लगाम नाही, पण मनाने फार मोकळ्या. मी पत्ता विचारला, त्यांनी आधी गोळी दिली. मी हताश होऊन उरलेलं पुडकं त्यांच्या हातात ठेवलं आणि त्या ते घेऊन आत गेल्या. ताई, क्षणभराने आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि तुझा लेक मासा हातात धरून बाहेर धावत आला. "एवढं मीठ जगात फक्त माझी आई घालते," म्हणाला. मग माझा मफलर बघितला, कवेतला मुळा बघितला. "मावशी, तुला कुणी लुटलं का गं?" मी म्हटलं, "उलटंच झालंय." तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मलाही रडू आलं.

कान धरायचा राहिलाच. त्याने मला त्या माशांच्या सारातले नूडल्स करून वाढले आणि मी तीन वाट्या खाल्ल्या. तोकुएबाईंची लेक हारुयो त्याच्या पाठीमागे कांदा चिरत होती, आणि तो तिच्याकडे ज्या तऱ्हेने बघत होता, तसं भावोजी अजून तुझ्याकडे बघतात. पोरगा सुखात आहे, ताई. दृष्ट लागू नये.

तुझी,
तोवाको

ता. क. तो घरी येत नाही ते माज म्हणून नाही. त्याला बोट लागते. कोळ्याचा पोर आणि लाटेवर पोटातलं सगळं बाहेर, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून पळाला. आपल्या बेटावर बोटीवाचून येता येत नाही, तेव्हा कान धरूनही उपयोग नव्हता.

ता. क. आणखी एक. दोघांचं लग्न येत्या शरदात आहे. तुझ्या शपथेचं मी त्यांना सांगितलं. तोकुएबाई म्हणाल्या, "असू दे हो, आईच ती, रुसणारच." आणि आत जाऊन डबा भरून घेऊन आल्या.

ता. क. शेवटचं. त्या डब्यातलं कोंबूचं खारं शेवाळ माझ्याकडून नाही. त्यांनी रात्रभर मंद आचेवर शिजवून मुलाच्या आईसाठी दिलंय. पत्र वाचायच्या आधीच तू त्यातलं खाल्लं असणार, मी काय तुला ओळखत नाही? तेव्हा आता परतभेट तुझ्याकडे लागली, आणि विहीणबाईंची परतभेट पोस्टाने पाठवत नाहीत. मासे भरपूर घे, आणि स्टेशनवरून चालत ये. ट्राममध्ये बसू नकोस.