वाशीतला मॅसेडोनियन

१ जानेवारी १९७८, रविवार
संकल्प: पहाटे उठणे. चहा एकच कप. घराण्याच्या उगमाचं संशोधन यंदा पुरं करणे.
पेपरात बातमी आहे. ग्रीसच्या उत्तरेला जमिनीखाली राजाचं थडगं सापडलं. सोन्याची पेटी, आत हाडं. सिकंदराच्या वडिलांची असावीत म्हणतात. वाचताना अंगावर काटा आला. परक्याच्या हाडांनी असा काटा येत नाही.
माझे वडील, अण्णा, नेहमी सांगायचे, सिकंदराचे काही शिपाई परत गेलेच नाहीत. गलबतं भरकटून कोकण किनाऱ्याला लागली. आमचं गाव किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या चालीवर. शिवाय अण्णांचे डोळे घारे. आणखी काय पुरावा हवा?
(उठायला साडेनऊ झाले. पण आज सुट्टी.)

४ जानेवारी
आरशात नीट पाहिलं. माझ्या बुबुळांभोवती निळसर राखाडी कडा आहे. दोन वर्षांत ठळक झाली. रक्त उशिरा का होईना, बोलतंच. वैजयंतीला दाखवली. म्हणाली, लग्नात तर साधे तपकिरी होते.
बायका लग्नात खाली बघत असतात. तिच्या साक्षीला अर्थ नाही.

१५ जानेवारी
समोरच्या ब्लॉकमधले विलासराव बँकेत आहेत आणि देशावरचे आहेत. दोन्ही गोष्टी त्यांच्या बोलण्यात येतात. त्यांच्या मते सिकंदराचे मॅसेडोनियन लोक ग्रीक नव्हतेच. अथेन्सचा एक मोठा वक्ता सिकंदराच्या बापाला भर सभेत रानटी म्हणायचा. म्हणजे तुम्ही ग्रीक नव्हे, डोंगरातले मेंढपाळ, असं ते मला जिन्यात सांगतात.
संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून हाक: “काय मॅसेडोनियन, पाणी आलं का?”
सगळी बिल्डिंग हसली. पाणी आलं नव्हतं.

२९ जानेवारी
लायब्ररीत सापडलं! एक मॅसेडोनियन राजा ऑलिंपिकमध्ये धावायला गेला. बाकीच्यांनी अडवलं, इथे फक्त ग्रीक. त्यानं आपली वंशावळ सांगितली आणि पंचांनी ती मानली. प्रश्न मिटला.
विलासराव म्हणाले, वंशावळ सांगितली कोणी? त्यानंच ना?
मग काय शेजाऱ्यानं सांगायची?

१२ फेब्रुवारी
आता जाहीर व्याख्यान. विषय: ‘मॅसेडोनियन ग्रीकच!’ चेअरमन परीक्षांनंतरची तारीख देतो म्हणाले. ७ मे, रविवार, संध्याकाळी पाच. सोसायटीचा हॉल, सोसायटीच्या फोल्डिंग खुर्च्या. कमी पडतील, असं मी बजावून ठेवलं.
चहा चार कप. अभ्यास आहे.

२६ फेब्रुवारी
स्मितानं जेवताना सांगितलं. तिच्या फॅक्टरीच्या लॅबमध्येच अरविंद म्हणून केमिस्ट आहे. दिघ्याला राहतो. बौद्ध. लग्न करायचं ठरलंय. ठरवायचंय नव्हे, ठरलंय.
मी शांतपणे म्हणालो, मी जात मानत नाही. प्रश्न वंशाचा आहे.
वैजयंती ताट घेऊन आत गेली. स्मिता बसून राहिली. मग म्हणाली, “बाबा, तो राजा शेवटी कितवा आला?”
मी म्हणालो, पहिल्याच्या बरोबरीनं.
“म्हणजे धावू दिलं म्हणून कळलं ना?”
पोरीला इतिहासाची शिस्त नाही.

५ मार्च
तोडगा सुचला. मुलाकडच्यांनी यावं, वंशावळ सांगावी. मी ऑलिंपिकच्या पंचासारखा नि:पक्षपाती राहीन. यापेक्षा पुढारलेला बाप वाशीत दुसरा दाखवा.

१९ मार्च
आले. मुलाचे वडील किसनराव फिटर आहेत, आई भिमाबाई. मुलगा इस्त्रीच्या शर्टात. मी सात पिढ्यांची नावं विचारली.
“आज्याचं नाव ठावं हाय,” किसनराव म्हणाले. “त्याच्या मागचं कुनी लिवू दिलं न्हाय.”
विषय बदलावा म्हणून मी चहा आला का म्हणून विचारलं. भिमाबाई कप घ्यायला वळल्या आणि त्यांनी वर पाहिलं. डोळे स्वच्छ घारे. मांजरासारखे. अण्णांपेक्षा घारे.
वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. पेपर मागायला आलेले विलासराव दारातच थबकले आणि म्हणाले, “घ्या. मॅसेडोनिया आला.”
भिमाबाईंचं माहेर कुठलं? रत्नागिरीकडचं. किनाऱ्याजवळचं? भरतीचं पाणी उंबऱ्याला लागतं, म्हणाल्या.
रात्री झोप नाही.

२१ मार्च
व्याख्यानात दुरुस्ती: डोळे हा पुरावा दुय्यम. खरी खूण नाक. सुतळीनं माझं मोजलं. भिमाबाईंचं नीट आठवत नाही, हे एका अर्थी बरंच.

९ एप्रिल
लग्न ७ मेला, दिघ्याच्या विहारात, संध्याकाळी. त्यांच्याकडच्या पाहुण्यांना तोच रविवार सोयीचा.
मी सांगितलं, माझी तारीख फेब्रुवारीपासून ठरलेली आहे. स्मितानं विचारलं, एक रविवार पुढे ढकलता येईल का? मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं होतं, विचारेल.

२० एप्रिल
व्याख्यानासाठी नवा चष्मा. डॉक्टरनं टॉर्च मारला. डोळे तपकिरी, म्हणाला. आणि ही कडा? ती चरबीची. तूप बंद करा.
डॉक्टर नागपूरचा आहे. समुद्राच्या गोष्टी त्याला काय कळणार.

७ मे, रविवार. रात्र
चार वाजता विलासराव नवा बुशशर्ट घालून आले. “चला मॅसेडोनियन. तुमच्याच घरचं लग्न आहे.” मी कागद चाळत असल्याचं दाखवलं. वैजयंती दुपारीच गेली होती. जाताना माझा झब्बा पलंगावर काढून ठेवला होता.
पाचला हॉलवर गेलो. हॉल मोकळा. वॉचमन बाजीराव म्हणाला, खुर्च्या टेम्पोनं दिघ्याला गेल्या, चेअरमनसाहेबांनीच पाठवल्या. साहेबही गेले, सगळेच गेले. माझं काही नसेल तर कुलूप लावून तोही निघणार होता.
मी पहिलं पान उभ्यानंच वाचलं. आवाज घुमला. बाजीराव किल्ली घेऊन दारात थांबला होता.
झब्बा घातला. खुर्च्या नीट वापरतात की नाही, ते पाहून यावं, एवढ्यासाठीच बस धरली.
मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ स्वागताला होते. विचारलं, “तुमी कुनाकडचे?”
म्हणालो, मुलीचा बाप.
त्यांनी मला खालीवर पाहिलं. “मुलीचे वडील येनार न्हायत. सगळ्यांना सांगितलंय तसं.”
चार महिने वंशाचे पुरावे गोळा केले होते. यातला एकही चालणार नव्हता. आतून स्मिता दिसत होती. केसांत फुलांच्या पाकळ्या अडकल्या होत्या. लग्न लागून गेलं होतं.
मागची माणसं खोळंबली. तेवढ्यात भिमाबाई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, त्या डोळ्यांनी.
“आमचेच हायत,” म्हणाल्या. “बसू द्या त्यांना.”
बसलो. खुर्ची आमच्या सोसायटीची होती.