बाथरूममध्ये घसरून

३ मार्च २०२५
डायरी, सात महिने तुला हात लावला नाही. चुकलंच. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही — लाज वाटत होती.

नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळला. कारण दीड ओळीचं: कमरेची दुखापत २०१६ मध्ये रजेवर असताना घरी झाली, लष्करी सेवेशी संबंध नाही.

घरी! लेहला बर्फात ट्रकवरून पोती उतरवताना हा माणूस पाठीवर पडला. आज त्याच्या बुटाची लेस मला बांधावी लागते.

६ मार्च
काकासाहेबांकडे गेलो. निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद करून देतात. फाइल चाळून म्हणाले, "हवालदारसाहेब, कंबर घरी मोडली म्हणं! सुट्टीत वहिनीसंग कुस्त्या खेळत होता काय?"

सुदर्शन हसला. मी नाही.

"मंग लेहलाच रिपोर्ट का नाय केला?" काकासाहेबांनी त्याला विचारलं.

"मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती. नायब सुभेदारीची बढती हुकली असती."

"मंग मिळाली का?"

"नाय."

"लई शहाणे आपण सगळे!" काकासाहेबांनी स्वतःचा वाकडा गुडघा थोपटला.

घोळ एकाच कागदाचा. रजेवर आल्यावर इथल्या खासगी दवाखान्यात भरलेला फॉर्म. दुखापत कशी झाली? — ‘बाथरूममध्ये घसरून’. काकासाहेब म्हणाले, "हे खोटं हाय असं शपथेवर सांगणारं कुणी असंल तर अपिलात जीव येईल. हाय का कुणी?"

"नाय," सुदर्शन म्हणाला.

मी फाइल पिशवीत घातली. फॉर्मवरचं अक्षर माझं आहे.

७ मार्च
शाळेत निबंध तपासले. एकाचा उतारा शेजाऱ्याच्या वहीतून उचललेला. त्याला वर्गात उभं केलं. मी!

९ मार्च
त्याच्या बढतीसाठी लिहिलं, असं नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. पण सुभेदाराची बायको म्हणवून घ्यायची घाई कुणाला होती? सिल्लोडला माहेरी तर आधीच सांगून बसले होते.

आणि त्यानं सांगितलं म्हणून लिहिलं, की माझ्या मनानं? आठवत नाही. की आठवायचं नाही?

काल विचारायचं ठरवलं. तो जिन्यात तिसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबला होता. धीर झाला नाही. शिक्षिका खोटं लिहिते हे शपथेवर कबूल केलं तर नोकरीचं काय, हाही विचार तेव्हाच आला. आला, हे खरं.

१२ मार्च
जेवताना मी पेन्शनवाल्यांना शिव्या देत होते. सुदर्शन शांतपणे म्हणाला, "त्यांना कशाला? त्यांनी तुझं अक्षर वाचलं." मग, "मी डॉक्टरला ट्रकचं सांगणारच होतो. तू फॉर्म देऊन आलतीस."

म्हणजे काकासाहेबांसमोरचं ते "नाय" माझ्यासाठी होतं.

"तुझी नोकरी जाईल. राहू दे," म्हणाला, आणि भाकरी मोडली.

उद्या: शाळेत रजा टाकून नोटरीकडे — प्रतिज्ञापत्र, माझ्या नावानं.