माझ्या भारंभार गूळ

ता. ५ जून १९०८

दोन मण सात शेर!

पुन्हा तोलायला लावलं. पुन्हा तेच. शाळेला लागून लाकडांची वखार आहे, तिथला तराजू. दुपारी वखार बंद असते. शाळेत मुलींना घरून आणण्या-पोचवण्याचं काम भवानीबाई करते. तिचा भाऊ मारुती वखारीत तोलायला असतो, त्याच्याकडून तिने किल्ली आणली. मी एका पारड्यात पदर सावरून बसले, ती दुसऱ्यात वजनं टाकत गेली. टाकतच गेली. शेवटी वजनं संपली म्हणून एक ओंडका ठेवला आणि मग तो ओंडका वेगळा तोलला! मी म्हटलं, तुझा तराजू बिघडलाय. "बाईजी, तराजू झूठ नी बोले," म्हणाली.

सत्त्याऐंशी शेर. दुपारभर मुलींना त्रैराशिक शिकवलं, पण दुसरा आकडा डोक्यात शिरेल तर शपथ.

ता. ६ जून

काल तराजूत का बसले ते लिहायचं राहिलंच. परवा वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, नवरात्रात अष्टमीला टेकडीवर देवीपुढे सुमंगलेची, म्हणजे माझी, गूळतुला करायची आहे, माझा नवस आहे. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

नवस कसला ते सांगत नाहीत. फेडल्याखेरीज नवस तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम. यांना विचारलं. हे म्हणाले, चैत्रात माझी मोजणी खात्यातली नोकरी कायम झाली ना, तिचाच असेल. म्हणजे नोकरी यांची आणि पारड्यात मी!

गेल्या नवरात्रात एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या बायकोची तुला पाहिली आहे. शालिग्राम पुजारी गुळाची एकेक भेली पारड्यात टाकतो आणि मोठ्याने मोजतो. सोळा म्हटल्यावर बायकांत खसखस पिकली. मीही हसले होते, खोटं कशाला लिहू? आता संस्थानाच्या थोरल्या नि धाकट्या, दोन्ही पात्यांच्या बायका, माझ्या शाळेतल्या छप्पन्न मुली आणि त्यांच्या आया समोर उभ्या राहणार. त्यानंतर वर्गात छडी आपटून काय उपयोग? मला कोण भिणार?

आज शालिग्राम घरी आला. इतक्या तुला केल्यात की नुसत्या नजरेने सांगतो. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाला, "पाच शेरांच्या अठरा भेल्या लागतील, उमाबाई." सासूबाईंचा चेहरा असा फुलला! लगेच भिंतीपलीकडच्या सुभद्राकाकूंना हाक मारून सांगितलं, अठरा लागणार म्हणून. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

ता. ९ जून

ठरलं. नवरात्राच्या आत उतरायचं. पण कधी? पहाटे पाणी, सडा, चूल. मग यशवंताची पाटी, बकुळेची वेणी, मोरोपंतांची आंघोळ — मोरोपंत म्हणजे आमचे धाकटे चिरंजीव, वय दीड वर्ष, मिजास कारभाऱ्याची. अकरा ते पाच शाळा. आले की मोरोपंत मांडीवरून हलत नाहीत. मग पुन्हा चूल. हे पंधरा दिवस घरी, पंधरा दिवस गावोगाव साखळ्या घेऊन शेतं मोजत. सगळ्या दिवसात माझा असा एक घटकाभर वेळ सापडेना.

खरं म्हणजे दोष माझा नाहीच. मोरोपंतांच्या वेळी महिना-दीड महिना तापात होते, त्यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही. उठले तेव्हा वाळले होते म्हणतात. तेव्हापासून सासूबाईंनी डिंकाचे लाडू आणि खारकेची खीर चारून चारून माझी ही गत केली. आणि आता त्याच मला चारचौघांत तोलणार!

ता. ११ जून

पहाटे अंगणात दोरीवरच्या उड्या मारायचं ठरवलं. तिसऱ्या उडीला मोरोपंत उठले. झालं!

ता. १५ जून

सापडलं! टेकडी. पहाटे देवीला जाते म्हटल्यावर कोण अडवणार? नुसती हिंडायला निघाले असते तर सगळ्या आळीने दारं उघडून पाहिलं असतं. पण यशवंत मागे लागला. त्याचं पाहून बकुळा. मोरोपंत तर कडेवर चढूनच बसले. तिघांना घेऊन चढले. अर्ध्या वाटेत बकुळेचे पाय दुखले, तिलाही उचललं. वर पोचले तेव्हा कानात भणभण होत होती. देवीला हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. सरळ म्हटलं, बाई गं, मला हलकी कर.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, देवीकडे काय मागितलंस? मी मोरोपंतांना खाली उतरवून चुलीकडे वळले.

ता. १ जुलै

आज शाळेत हादरलेच. चौथीतल्या एका मुलीची पाटी हातात आली. तिच्यावर धान्याची गोणी काढलेली, गोणीला कुंकू, नथ, आणि हातात छडी! मुली माना खाली घालून बसल्या होत्या. मी पाटी पुसली आणि कवितेचं पुस्तक उघडलं.

सोमवार, मंगळवार, शुक्रवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या — सगळे उपास आजपासून धरले.

ता. १० जुलै

दोन मण चार शेर. इतक्या चढउतारानंतर फक्त तीन शेर! भवानीबाई म्हणाली, उपासाला काय खाता बाईजी? साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस, वर साय. सांगता सांगता मलाच उमगलं. भवानीबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

उद्यापासून उपासाला नुसतं ताक.

ता. १४ जुलै

आज कळलं! भात कालवायला मूद फोडली तर आत तूप. वर थेंब नाही, आत विहीर! मी वरून तूप नको म्हणते म्हणून सासूबाई भाताखाली तूप घालून वर मूद लावतात. किती दिवस चाललंय कोण जाणे. मी तो भात बकुळेच्या पानात सारला. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं, अठराच्या एकोणीस करायच्या आहेत की काय?

ता. २९ जुलै

एक मण एकोणचाळीस! मण एकच म्हणता आला! भवानीबाईला पेढा दिला. मी खाल्ला नाही.

सासूबाईंना मात्र बघवत नाही. आज हात धुताना माझं मनगट धरलं. पाटली कोपराकडे सरकवून पाहिली, थेट वरपर्यंत गेली. "सैल झाली गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, बरंच झालं, काढायला सोपी. त्या उठून माजघरात गेल्या. कौतुकाचा एक शब्द नाही.

ता. ८ ऑगस्ट

दळणाची बाई येते तिला आठवड्यातून तीन दिवस सुट्टी दिली आणि मीच जात्यावर बसले. मोरोपंत मांडीवर, यशवंत समोर पाढे म्हणतोय, बकुळा पीठ उडवतेय. वेळ असा काढावा लागतो! घाम निथळत होता. सासूबाईंनी येऊन जात्याचा खुंटा माझ्या हातातून काढून घेतला. साठीच्या बाईने मला ढकलून दळण संपवलं आणि नंतर कंबर धरून बसल्या. माहेरी धारला असं कुणी वागत नाही. सून काम करते म्हटल्यावर तिथे सासवा पाय पसरून बसतात.

ता. १९ ऑगस्ट

वैद्यबुवा आले. सासूबाईंची कंबर बघायला, असं मला सांगितलं होतं. पाणी घेऊन गेले तर म्हणतात, सूनबाई, हात पुढे करा. माझा! नाडी पाहिली, जीभ पाहिली. खोकला येतो का? संध्याकाळी अंग कोमट लागतं का? मी थक्क. म्हटलं, मला काय धाड भरलीय? शाळेत जाते, टेकडी चढते, तिघांना उचलते. वैद्यबुवा सासूबाईंकडे पाहून म्हणाले, नाडी चांगली आहे. सासूबाईंचा विश्वास बसलेला दिसला नाही.

ता. २५ ऑगस्ट

आज तोंडाला तोंड लागलं. सासूबाई म्हणाल्या, शाळा सोड. कारण नाही, काही नाही. सोड म्हणजे सोड! ज्यांनी सुभद्राकाकूंशी भांडून मला शाळेत धाडलं, त्या ह्या! मी म्हटलं, तुम्हाला मी घरात बसून फुगलेली हवी आहे, तुला करायला शोभेल अशी. इतकं बोलायला नको होतं. त्या माझ्या मनगटाकडेच बघत राहिल्या. हे पण म्हणाले, आईचं वय झालंय, सोडून दे.

ता. ३१ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज सासूबाईंनी नवा बाँब टाकला. तुला अष्टमीला नाही, येत्या आठ तारखेच्या मंगळवारी! पितृपक्षाच्या आत उरकायची. चार आठवडे अलीकडे! अष्टमीपर्यंत मी सत्तरवर आले असते. म्हटलं, देवी कुठे पळून चालली आहे का? म्हणाल्या, "उशीर झाला माझा. आधीच फेडायला हवा होता."

ता. ३ सप्टेंबर

गोणी काढणारी पोर आज आपण होऊन म्हणाली, बाई, तुमचं लुगडं आता मागे दोनदा खोचता येतं. डोळ्यांत पाणी आलं. तिचे पाढे चुकले तरी उभं न करता खाली बसवलं.

ता. ८ सप्टेंबर

झाली तुला.

सकाळी मोठा तराजू देवळापुढच्या ओट्यावर टांगला होता. बायका पुष्कळ, मुली पुष्कळ. मी पारड्यात बसले. मोरोपंतांना यांनी धरलं. शालिग्राम मोजायला लागला. दहा. अकरा. बारा. सगळं शांत. तेरा, चौदा. मी डोळे मिटले. पंधरावी भेली पडली आणि मी अलगद वर उचलली गेले! वर! शालिग्रामने हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, उरलेल्या गुळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याची नजर चुकली नव्हती म्हणे. "पंधरा," म्हणाला, पण हळूच. बायकांतून कुणी हसलं नाही. माझ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. तीन महिन्यांत असा आनंद मला झाला नव्हता.

खाली उतरून सासूबाईंना शोधलं. त्या पायरीवर बसल्या होत्या. समोर उरलेल्या तीन भेल्या. पदर तोंडावर, आणि हमसून हमसून रडत होत्या. चारचौघांत! मी सर्दच झाले. उठवायला गेले तर माझा दंड दोन्ही हातांनी धरला, सोडेचनात. हे म्हणाले, घरी चला.

आनंदावर पाणी पडलं ते पडलंच. काय चुकलं माझं? गूळ उरला म्हणून रडतं का कोणी?

ता. ९ सप्टेंबर

आज शाळेत गेले नाही. सकाळी सासूबाईंच्या पायाशी बसून विचारलं. आता नवस फिटला, सांगा. म्हणाल्या, फिटला कुठे, तीन भेल्या कमी पडल्या. मग सांगितलंच.

मोरोपंतांच्या वेळच्या तापात त्या मला कडेवर घेऊन न्हाणीत न्यायच्या. बकुळेपेक्षा हलकी लागायचीस, म्हणाल्या. वैद्यबुवांनी हात टेकले तेव्हा टेकडीवर जाऊन बोलल्या — हिच्या अंगावर पुन्हा मांस चढू दे, भरल्या अंगाची झाली की हिच्या भारंभार गूळ वाहीन. अठरा ऐकलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आणि मग मी वाळू लागले. पहाटे उठून देवीकडे धावू लागले. त्यांना वाटलं, मला कळून चुकलंय. नवस फेडायला उशीर केला म्हणून देवी दिलेलं परत नेतेय.

तीन महिने त्या मला मरताना बघत होत्या!

तीन भेल्या देवापुढे ठेवल्या आहेत, कोणी फोडायच्या नाहीत. दुपारी पान वाढलं. मूद मीच फोडली. आत तूप नव्हतं. तुपाचं भांडं हातात घेऊन त्या उभ्या होत्या, वाढायची हिंमत होईना.

मी पान पुढे सरकवलं.