घरगाडी मंडळाचं वय

जुन्नर,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मामासा,

पारसचा आपल्याला आणि मामीसांना पायांवर डोकं ठेवून जय जिनेंद्र. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, मामीसांना ऑपरेशननंतर पेपर वाचता येतो का आणि तिकडे कडा गावी थंडी कितपत आहे, ते सविस्तर कळवावं. इकडे सगळे खुशाल आहेत. बापूजींचा रक्तदाब मध्यंतरी वर गेला होता, आता उतरला आहे. तो चढला कशाने, तेच सांगायला हे पत्र. (फोन केला असता, पण आपण स्पीकर लावून बोलता आणि मग अर्ध्या गल्लीची करमणूक होते.)

वारूळवाडीच्या घरगाडी मंडळाचा मी सचिव आहे, हे आपल्याला ठाऊक नसेल. घरगाडी म्हणजे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी सगळं गाडीतच. मनात आलं की घरासकट निघायचं. मंडळात अशा नऊ गाड्या आहेत. मी तिथे गेलो होतो स्टीलचे डबे विकायला. सभा चालू होती, खिशाला पेन फक्त माझ्या होतं, म्हणून मला सचिव केलं. पुढे बापूजींनीही एक जुनी रुग्णवाहिका घेतली, आत दुकानातल्या मांडण्या बसवल्या आणि ते व आई सभासद झाले. चालवतो मी. (रुग्णवाहिकेचा रंग बदलला तरी घाट बदलत नाही. कुठल्याही गावात थांबलो की लोक धावत येतात, पलंगावर पहुडलेल्या बापूजींकडे बघून हळहळतात आणि मला विचारतात, "कधीपासून हाय असं?")

आता भांडणाकडे येतो. मंडळातले बहुतेक सभासद साठीच्या पुढचे. गेल्या वर्षी दोघे वारले आणि एक मुलाकडे अमेरिकेला गेले, म्हणजे मंडळाच्या हिशेबी तिघेही सारखेच. अशात स्वराज आणि हर्षाली हे तिशीतलं जोडपं नव्याकोऱ्या गाडीसह दाखल झालं. दोघे नारायणगावचे, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्वराजने सभेत ठराव मांडला की मंडळाने यापुढे तरुणांकडे लक्ष द्यावं, सहली त्यांच्या आवडीच्या ठेवाव्यात आणि पासष्टीपुढच्यांनी घाटात स्टिअरिंगला हात लावू नये, मागे आरामात बसावं. मी ताबडतोब अनुमोदन दिलं. खरं सांगतो मामासा, माझं वय एक्केचाळीस. "आपण तरुणांनी," असं म्हणून स्वराजने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी विरघळलो.

त्या सभेत साळुबाईही होत्या. साळुबाई एकोणसत्तरच्या. मालक गेल्यावर टोमॅटो बाजारात न्यायला कुणी मिळेना, म्हणून साठाव्या वर्षी पिकअप शिकल्या. पुढे शेती वाट्याने दिली आणि त्याच पिकअपवर पत्र्याची खोली चढवून हिंडायला लागल्या. सभेनंतर चपला घालता घालता मला म्हणाल्या, "सचिव, मला पोरगं न्हाई. लेक नाशकाला. मागं आरामात बसंन, पन पुढं चालवील कोन? ठराव करा, पन आदी एकदा संगं चला."

मला रात्रभर ते लागून राहिलं. म्हणून निर्णय पुढे ढकलून तीन गाड्या आहुप्याला न्यायचं ठरवलं: स्वराजची, साळुबाईंची आणि आमची.

मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या काठापर्यंत सगळं छान झालं. पुढे स्वराज, मध्ये साळुबाई, मागे आम्ही. पुढचा रस्ता अरुंद. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाली धरणाचं पाणी. एका वळणावर समोरून एसटी आली. तिच्यामागे दोन जीप आणि चाऱ्याचा ट्रॅक्टर, म्हणजे मागे सरायचं ते आम्हीच. मी सरलो (आईने मागच्या दारातून "ये, ये" केलं म्हणून). साळुबाई एका दमात सरल्या. स्वराजच्या गाडीला मागचं बघायला कॅमेरा, पण कॅमेऱ्यावर चिखल. ती एकदा पाण्याकडे जायची, एकदा डोंगराकडे. शेवटी मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून अर्धं बाहेर आलं आणि त्याने ब्रेकवर पाय दाबून डोळेच मिटले. एसटीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, आणि विशेष म्हणजे कुणीही सल्ला देत नव्हतं.

साळुबाई उतरल्या. पदर खोचला आणि त्याच्या खिडकीशी जाऊन अगदी हळू म्हणाल्या, "बाळा, ब्रेक सोडू नको. हँडब्रेक वढ. आता पलीकडं सरक, मी बसते." आत बसून त्यांनी आधी आरसे आपल्या उंचीचे केले. ती गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती, तरी बोटभर पुढे घेऊन चाक रस्त्यावर आणलं आणि मग दीडशे पावलं गाडी अशी मागे नेली, की बघणाऱ्याला वाटावं ती तशीच चालायला बनवली आहे. एसटी जाताना ड्रायव्हरने हात कपाळाला लावला, "मावशी, मानलं राव!" मी सचिव म्हणून काही बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून फक्त "पाणी घ्या" निघालं.

आता आपण म्हणाल, निकाल लागला, म्हाताऱ्यांचं मंडळ. मीही तेच समजत होतो. पण आहुप्याच्या पठारावर पोहोचलो आणि आपल्या बहिणीने सगळंच उलटंपालटं केलं.

सूर्यास्ताआधी आमची जेवणं उरकली. स्वराज-हर्षालीचा बेत नऊ वाजता जेवायचा होता, पण आईच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आला तसे तेही साडेपाचलाच ताट घेऊन हजर झाले. जेवता जेवता आई हर्षालीला सहज म्हणाली, "साळुबाईंना बघून वाटलं, आपण सेहेचाळीस वर्षं नुसतं शेजारच्या सीटवर बसलो." हर्षालीने हात धुतले. "काकी, उठा. उजेड आहे तोवर."

मी हसलो. बापूजी हसले. आई उठली.

पठार मोकळं, गवत आखूड, समोर कुणी नाही. हर्षाली शेजारी बसली. त्या मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं; गाडी सहा वेळा बंद पडली, पण तिने एकदाही "अहो काकी" केलं नाही. दर वेळी तेच, त्याच आवाजात: "क्लच हळू. अजून हळू. घाई कुणालाच नाही." सातव्या वेळी आमची रुग्णवाहिका हलली. बापूजी "झमकू, थांब! झमकू, पडशील!" करत मागे धावले. (गाडीत बसलेलं माणूस पडणार कसं, हे विचारायची ती वेळ नव्हती. रक्तदाब चढला तो इथे.) आईने पहिल्या गिअरमध्ये पठाराला दोन प्रदक्षिणा घातल्या, मधे बसलेल्या म्हशीला लांबून वळसा दिला आणि नेमकी बापूजींसमोर आणून थांबवली. "बसता का?" म्हणाली. मामासा, आईचा तो चेहरा मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. बापूजी निमूट शेजारच्या सीटवर बसले. साळुबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि मी तोंड फिरवून कड्याकडे बघत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी तरुणांत मोजला गेलो होतो.

मागच्या रविवारी पुन्हा सभा झाली. स्वराजने आपला ठराव स्वतः उठून मागे घेतला. (ज्याला चूक कबूल करताना आवाज खाली आणावा लागत नाही, असा माणूस मी फार दिवसांनी पाहिला.) हर्षालीने नवा ठराव मांडला: ज्याला शिकायचं आहे त्याला मंडळ गाडी शिकवेल, वय विचारणार नाही. एकमताने मंजूर. तरुण सभासद हवेत, तेही ठरलं, म्हाताऱ्यांना शिकवायला आणि त्यांच्याकडून शिकायला. आता दर शनिवारी बाजाराच्या रिकाम्या आवारात साळुबाई स्वराजला मागे गाडी घ्यायला शिकवतात आणि शेजारीच हर्षाली आईला पुढे न्यायला शिकवते.

पत्र फार लांबलं. मामीसांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आपण दोघांनी एकदा यावं. गाडीतच उतरण्याची सोय करू.

आपला नम्र भाचा,
पारस

ता. क. खरं काम राहिलंच. आईला शिकाऊ लायसन्स काढायचं आहे. डॉक्टरचा दाखला झाला. पण तिच्या आधार कार्डावर एक तारीख, रेशन कार्डावर दुसरी आणि पासबुकावर तिसरीच आहे. तरी तिकडच्या शाळेतून तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाठवावा.

ता. क. २. दाखला दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नये, तिथलं टपाल बापूजी फोडतात. साळुबाईंच्या पत्त्यावर पाठवावा. आई म्हणते, लग्न जमवताना नानासांनी, म्हणजे आपल्या वडिलांनी, तिचं वय चार वर्षं कमी सांगितलं होतं आणि ती बापूजींपेक्षा दीड वर्षाने मोठी आहे. मंडळाला वयाशी काही देणंघेणं नाही, पण त्या ठरावावर बापूजींची सही अजून व्हायची आहे.