काठावरच्या तीन स्ट्रॉबेऱ्या

लंडन, १२ सप्टेंबर १६१४

काय झालं ते आधी क्रमाने.

१. काल कापडवाल्या अ‍ॅव्हरेलबाईंकडे मेजवानी होती. मी रंगवलेल्या बारा लाकडी चकत्या पहिल्यांदाच मांडल्या गेल्या.

२. कोऱ्या बाजूवर ठेवलेली बदामाची मिठाई सगळ्यांनी खाल्ली. मग रीतीप्रमाणे चकत्या उलटून आपापल्या वाट्याचं वचन मोठ्याने वाचलं. वचनं बायबलातली आणि जुन्या रोमनांची. लॅटिनवरून केलेलं इंग्रजी पद्य माझं, अक्षरही माझं.

३. टिळनी मास्तरांनी वाचलं: ‘दार ज्याचे सदा बंद, चोर तेथे येत नाही.’

४. मास्तर म्हणाले, "हे अर्धंच आहे." आणि उरलेलं स्वतःच म्हणून दाखवलं: ‘आणि दिवा लावला तरी पाहुणाही येत नाही.’

५. मी म्हणाले, "काठावर जागा नव्हती."

६. मास्तर म्हणाले, "नव्हती, की ठेवली नाही?"

७. सगळे हसले. मीही हसले – सर्वांत शेवटी.

याच मास्तरांनी ईस्टरला मला मागणी घातली होती. "विचार करून सांगते," असं म्हणून मी ब्रश धुवायला गेले. तो ब्रश अजून धुतेच आहे, असं बाबा म्हणतात. महिनाअखेरीस मायकेलमसचा सण झाला की मास्तर नॉर्विचच्या शाळेवर निघणार, कायमचे.

१३ सप्टेंबर

अ‍ॅव्हरेलबाईंनी ती चकती परत पाठवली. मोलकरणीने निरोप तोंडपाठ केला होता – "अर्धवट शहाणपण घरात नको. पुरतं लिहून द्या."

बाबा पाट्या रंगवतात. अक्षर मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी चकती खिडकीशी धरली.

"जागा नव्हती म्हणालीस?"

"हो."

"मग या तीन स्ट्रॉबेऱ्या कुठे बसवल्यास पोरी? हवेत?"

"काठ रिकामा दिसत होता, बाबा."

"रिकामा दिसत होता!" बाबा इतके हसले की रंगाचं भांडं कलंडलं. सांडलेला हिरवा मी पुसला. माझं कर्कटक वर्तुळ केसभरही चुकू देत नाही. त्या काठात दुसरी ओळ सहज मावली असती. ती मला नको होती. आणि हे स्वतःपासून लपवायला मी फळं काढली – पानांसकट, देठांसकट!

१५ सप्टेंबर

मास्तर दुकानावरून गेले. मी एका खानावळीच्या पाटीवर हंस रंगवत होते; चटकन हंसामागे बसले. मास्तरांनी टोपी काढून हंसाला अदबीने नमस्कार केला, "बरं आहे ना?" असं विचारलं आणि थोडं थांबले.

मी हंसामागे ब्रश धुवत राहिले.

१८ सप्टेंबर

नवी चकती घेऊन बाईंकडे गेले. दोन्ही ओळी, अक्षर तेवढंच, एकही स्ट्रॉबेरी नाही. बाईंनी दोनदा वाचली.

"आता कसं! आणि ऐक गं, त्या दिवशी चकत्या मीच वाटल्या. मास्तरांना ती नशिबाने मिळाली असं वाटलं की काय तुला?"

"चकत्या न बघता वाटायच्या असतात, बाई."

"हो का? आणि वचनं पुरती लिहायची असतात."

दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या बारा चकत्या मी रंगवल्या. एकही वाचली नव्हती, असं दिसतंय.

२१ सप्टेंबर

जुन्या चकतीवरच्या स्ट्रॉबेऱ्या खरवडल्या. त्या जागी राहिलेली ओळ बसवली. मग चकती उलटली आणि मिठाईच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. आता तिच्यावर कुणाला काही खाता यायचं नाही. वाळल्यावर बाबांच्या हाती पाठवली. नक्कल इथे ठेवते:

‘मास्तर, ईस्टरच्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे. प्रश्न अजून तोच असेल, तर मायकेलमसच्या आदल्या दिवसापर्यंत कळवावं. – थॉमसिन’